जिन्यावरचा घुमट: बोरीबंदरचं स्टेशन मुंबईचा चेहरा कसं झालं

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या मोठ्या घुमटाखाली एकही गाडी येत नाही. तिथे प्लॅटफॉर्म नाही, तिकीटखिडकी नाही, टेकायला बाकडंसुद्धा नाही. त्या घुमटाखाली आहे तो एक जिना, मध्य रेल्वेच्या मुख्यालयातल्या कचेऱ्यांकडे जाणारा. रोज लाखो माणसं या स्टेशनात उतरतात आणि इथून सुटतात, पण त्यांतल्या फारच थोड्यांनी तो जिना पाहिला असेल. डोंबिवलीहून पंधरा वर्षं ये-जा केल्यावर मी पहिल्यांदा त्याच्या पायथ्याशी उभा राहिलो, तेही तिकीट काढून, पर्यटक म्हणून.

आणि तरी मुंबई म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो हाच घुमट. पाठ्यपुस्तकात, कॅलेंडरवर, सिनेमात गावाहून आलेला नायक उतरतो त्या पहिल्या दृश्यात. एका रेल्वे कंपनीच्या कचेरीचा जिना झाकायला बांधलेला घुमट अख्ख्या शहराची ओळख कसा बनला, हा या प्रकरणाचा प्रश्न. माझं उत्तर आधीच सांगतो. इमारत देखणी आहे म्हणून हे झालं, असं मला वाटत नाही. देखण्या इमारती फोर्टात पावलोपावली आहेत. ही इमारत एक दिवसही स्टेशन असायची थांबली नाही, म्हणून हे झालं. लोकांनी ती पाहून आपली केली नाही, वापरून आपली केली.

जागा

माझी आजी निफाडची. ती शेवटपर्यंत या स्टेशनाला 'बोरीबंदर' म्हणाली. तिच्या जन्माआधीच त्यावर दुसऱ्या नावाची पाटी लागली होती, पण तिच्या तोंडात जुनं नाव पक्कं बसलेलं. ते खोटंही नव्हतं. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास इथूनच पहिली प्रवासी गाडी ठाण्याला निघाली. १४ डबे, ४०० च्या आसपास पाहुणे, २१ तोफांची सलामी, आणि पुढे साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. ३४ किलोमीटरचा प्रवास. ज्या मुंबादेवीवरून शहराला नाव मिळालं, तिचं जुनं देऊळही याच परिसरात होतं असं मानलं जातं.

त्या वेळचं बोरीबंदर स्टेशन साधंसुधं होतं. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र शहर पार बदललं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६० च्या दशकात फोर्टचा तट पाडला गेला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर एकामागोमाग एक गॉथिक इमारती उठू लागल्या: सचिवालय, विद्यापीठ, हायकोर्ट. १८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला झाला आणि मुंबई हिंदुस्थानचं पश्चिमेकडचं दार बनली. बोटीतून उतरलेला माणूस आणि माल देशात न्यायचा तो रेल्वेनं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, आता नुसती गाड्या चालवणारी कंपनी राहिली नव्हती. तिला आपला तोरा दिसावा असं घर हवं होतं.

बांधणारे हात

काम मिळालं फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सला. जन्म १८४७ चा, म्हणजे तेव्हा जेमतेम तिशीतला. सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला म्हणून १८६७ मध्ये तो इकडे आला होता आणि रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम, म्हणजे आजचं राज्याचं पोलीस मुख्यालय, हे त्याच्या नावावर जमा होतं. युरोपातली स्टेशनं तो पाहून आला. लंडनच्या सेंट पॅंक्रासची छाया या इमारतीवर आहे, असं जाणकार म्हणतात ते पटण्यासारखं आहे. १८७८ मध्ये काम सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. खर्च सुमारे १६ लाख रुपये. १८८७ हे व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीचं पन्नासावं वर्ष होतं, म्हणून नाव ठरलं व्हिक्टोरिया टर्मिनस. स्टीव्हन्सनं पुढे समोरचीच महापालिकेची इमारतही बांधली, तीही घुमटाची, १८९३ मध्ये पुरी झालेली. १९०० मध्ये तो मुंबईतच वारला आणि शिवडीच्या दफनभूमीत त्याला मूठमाती मिळाली. एकाच चौकात समोरासमोर दोन खुणा सोडून जाणारे आर्किटेक्ट कुठल्याही शहरात विरळाच.

'इंग्रजांनी बांधलं' हे वाक्य आपण सहज बोलून जातो. ते अर्धंच खरं आहे. स्टीव्हन्सच्या हाताखाली कामावर देखरेख करणाऱ्यांत सीताराम खंडेराव वैद्य आणि जनार्दन ही इथली माणसं होती. दगडातलं, लाकडातलं, लोखंडी जाळ्यांतलं बरंचसं नक्षीकाम मुंबईच्या आर्ट स्कूलच्या, म्हणजे आजच्या सर जे. जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली केलं. स्टेशनापासून ते स्कूल चालत पाच मिनिटांवर. दगड बराचसा कुर्ल्याचा आणि पोरबंदरचा.

इथे जरा थांबायला हवं, कारण माझ्या मते या इमारतीचा जीव या नक्षीत आहे. एखाद्या रविवारी सकाळी, गर्दी नसताना, लोकलच्या तिकीटघरात उभे राहा. याला स्टार चेंबर म्हणतात, कारण छतावर निळ्या रंगात सोनेरी चांदण्या आहेत. पॉलिश केलेल्या दगडी खांबांवर टोकदार कमानी चढत जातात. खांबाच्या माथ्याशी मान वर करून पाहिलंत तर पानांची दाटी दिसते. पहिल्या नजरेला ती नुसती पानं वाटतात. थोडा वेळ पाहत राहिलं की पानांत दडलेलं काहीतरी दिसू लागतं, एखादा पक्षी, एखादं जनावर. बाहेरच्या भिंतींवर मोर आहेत, माकडं आहेत, पन्हाळीतून पावसाचं पाणी बाहेर फेकणारे अक्राळविक्राळ प्राणी आहेत. युरोपातल्या चर्चवरही असे प्राणी असतात, पण आंब्याच्या झाडावरून नुकतंच उतरल्यासारखं माकड तिथे नसतं. ज्या पोरांनी ही माकडं कोरली त्यांची नावं भिंतीवर नाहीत. त्यांनी आजूबाजूला जे पाहिलं ते परक्या शैलीच्या चौकटीत बसवलं. मला हे काम वाटतं तितकं आज्ञाधारक वाटत नाही.

दर्शनी भिंतीवर गोल चौकटींत चेहरे आहेत, जीआयपीच्या दहा संचालकांचे. त्यांत दोन हिंदी चेहरे: सर जमशेटजी जीजीभॉय आणि जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट. नानांनी रेल्वे मुंबईत यावी म्हणून १८४५ पासून धडपड केली होती. त्यांचा चेहरा त्या भिंतीवर आहे हे इथून रोज जाणाऱ्या किती मराठी माणसांना ठाऊक असेल? मला स्वतःला चाळिशीत कळलं.

पण म्हणून ही इमारत आपल्यासाठी बांधली गेली असं समजणं भाबडेपणाचं होईल. प्रवेशाच्या खांबांवर एकीकडे सिंह बसलाय, दुसरीकडे वाघ. सिंह म्हणजे ब्रिटन, वाघ म्हणजे हिंदुस्थान. घुमटाच्या टोकावर उजव्या हातात मशाल उंचावलेली आणि डाव्या हाताशी चाक धरलेली बाई आहे, 'प्रगती'. कमानींवरच्या त्रिकोणांत शेती, व्यापार, अभियांत्रिकी यांच्या मूर्ती आहेत. आणि घड्याळाखालच्या कोनाड्यात होती खुद्द राणी. सगळी मांडणी एकच सांगत होती की राज्य आमचं आहे आणि प्रगती आम्ही आणली. इमारत बोलते असं म्हणतात. ही तर चक्क भाषण करत होती.

मागची बाजू

ते भाषण लोकांनी फारसं ऐकलं नाही, कारण लोक या इमारतीत समोरून शिरलेच नाहीत. प्रकरणातला हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

नकाशा पाहिला तर ही इमारत इंग्रजी 'सी' अक्षरासारखी आहे. मधला चौक रस्त्याकडे उघडणारा, त्याच्या मध्यावर घुमट. हा सगळा भाग कंपनीच्या साहेबांचा. प्रवाशांचा राबता बाजूनं आणि मागून. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेवर चालणारी गाडी इथूनच कुर्ल्याला गेली आणि स्टेशनाचं रूपच पालटलं. उपनगरं वाढली, लोकलच्या फेऱ्या वाढल्या. १९२० च्या दशकाच्या अखेरीस लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी बाजूला नवं स्टेशन जोडलं गेलं, सरळ, साध्या बांधणीचं. आज एकूण १८ प्लॅटफॉर्म आहेत: पहिले सात लोकलचे, पुढचे मेल-एक्स्प्रेसचे.

म्हणजे व्हीटीच्या दोन इमारती आहेत. एक फोटोतली आणि एक वापरातली. फोटोतली साहेबांची, वापरातली सगळ्यांची. डेक्कन क्वीननं येणारा पुणेकर, पंचवटीनं रोज ये-जा करणारा नाशिककर, सिद्धेश्वरनं पहाटे उतरणारा सोलापूरकर, महालक्ष्मीनं आलेला कोल्हापूरकर, विदर्भ एक्स्प्रेसनं आलेला गोंदियाचा माणूस, आणि कोकण रेल्वे झाल्यापासून कोकणकन्येचा चाकरमानी. यांच्यातला प्रत्येक जण मुंबईत पहिलं पाऊल टाकतो ते त्या साध्या भागात. तिथून सामान सावरत बाहेर पडतो, रस्ता ओलांडतो, आणि मग मागे वळून बघतो. तेव्हा त्याला घुमट दिसतो.

हे वळून बघणं फार मोलाचं आहे. माझे वडील १९६८ मध्ये निफाडहून फोर्टातल्या एका कचेरीत नोकरीला आले, तेव्हा त्यांनीही ते केलं होतं. ते सांगत, 'बाहेर आलो, वर बघितलं, आणि वाटलं आता परत जायचं नाही.' घुमट त्यांच्यासाठी राणीचा नव्हता, कंपनीचाही नव्हता. तो 'पोचलो' या शब्दाचा आकार होता. अशी हजारो 'पोचलो' एकावर एक साठत गेली की दगडाचा अर्थ बदलतो. पुढे त्यांनी तीस-एक वर्षं नोकरी केली. त्या काळात त्यांनी घुमटाकडे किती वेळा पाहिलं असेल, मला शंका आहे. आठ-बावीसची लोकल, प्लॅटफॉर्मवरून घाईनं चालणं, सबवे, कचेरी. आपली झालेली वस्तू माणूस रोज बघत बसत नाही.

चार नावं

बोरीबंदर, व्हीटी, सीएसटी, सीएसएमटी. आमच्या घरात ही चारही नावं एकाच वेळी चालू होती: आजी, वडील, मी, आणि आता माझी मुलगी.

१९९६ मध्ये स्टेशनाला छत्रपती शिवाजी टर्मिनस हे नाव मिळालं. २०१७ मध्ये त्यात 'महाराज' हा शब्द जोडला गेला, आणि स्टेशनाचं अधिकृत छोटं नाव सीएसटीएमचं सीएसएमटी झालं. स्वातंत्र्यानंतर घड्याळाखालचा राणीचा पुतळा काढून टाकला होता. तो कोनाडा आजही रिकामा आहे. खालून नीट पाहिलं तर दिसतो. मला तो रिकामाच बरा वाटतो. राणी गेली, आणि तिच्या जागी कुणाला बसवायची घाई कुणी केली नाही, हे शहाणपणाचं झालं.

नामांतरावरून दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोललं गेलं. एक बाजू म्हणे, इतिहास पुसला जातोय. दुसरी म्हणे, परक्या राणीचं नाव का मिरवायचं? मला या वादात एक गोष्ट विचारात घेण्यासारखी वाटते. नाव बदललं, राणी गेली, पण कुणी एका दगडाला हात लावला नाही. प्रगतीची मूर्ती मशाल घेऊन उभी आहे, सिंह-वाघ जागेवर आहेत, संचालकांचे चेहरे भिंतीवर आहेत. महाराजांचं नाव आणि गॉथिक कमानी यांत विसंगती आहे असं कुणी म्हणू शकेल. पण मुंबईकरांना ती बोचली नाही, कारण तोवर कमानी त्यांच्या झालेल्याच होत्या. ज्याच्यावर आपला हक्क आहे त्याचंच नाव आपण बदलतो. शेजाऱ्याच्या मुलाचं बारसं कुणी करत नाही.

आणि जुनी नावंही मेली नाहीत. समोरच्या रस्त्यावरच्या जुन्या इंग्रजी दैनिकाला अजूनही 'बोरीबंदरची म्हातारी' म्हटलं जातं. टॅक्सीवाल्याला 'व्हीटी' म्हणा, तो काही विचारत नाही. एका जागेला चार नावं असणं हा गोंधळ नव्हे. कोण कधी आलं, याची ती नोंद आहे.

२६ नोव्हेंबर

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री पावणेदहा-दहाच्या सुमारास दोन अतिरेक्यांनी मेल-एक्स्प्रेसच्या बाजूच्या हॉलमध्ये गोळीबार केला आणि हातबॉम्ब फेकले. ५८ माणसं गेली, शंभराहून अधिक जखमी झाली. त्या हल्ल्यात एकाच ठिकाणी सर्वांत जास्त बळी इथे गेले. गाडीची वाट बघत सामानावर डोकं टेकून बसलेली, बहुतेक साधी माणसं. विष्णू झेंडे या रेल्वेच्या उद्घोषकानं त्या गोळीबारात माइक सोडला नाही. प्रवाशांनी कुठून बाहेर पडावं हे ते सांगत राहिले, आणि त्यामुळे कित्येक जीव वाचले. ज्या आवाजाकडे आपण रोज 'अमुक लोकल तमुक प्लॅटफॉर्मवर येत आहे' म्हणून अर्धवट लक्ष देतो, त्याच आवाजानं त्या रात्री माणसांना हात धरून बाहेर काढलं.

जगाच्या आठवणीत मात्र त्या हल्ल्याचं चित्र म्हणून ताजचा घुमट राहिला, धुरानं काळवंडलेला. मुंबईत तेव्हाही यावर बोललं गेलं, आणि ती खंत रास्त होती. खुणेच्या वास्तूंची ही काळी बाजू आहे. जे फोटोत चांगलं येतं त्याचं दुःख मोठं दिसतं. व्हीटीचा घुमट त्या रात्री शाबूत होता आणि माणसं मेली ती मागच्या साध्या छपराखाली, ज्याचं कुणी कॅलेंडर काढत नाही.

दुसऱ्याच दिवशी लोकल सुटल्या. याला 'मुंबईचं स्पिरिट' म्हणण्याची सवय मला आवडत नाही. पोटापाण्याची मजबुरी त्यात फार मोठी होती. पण स्टेशन बंद पडलं असतं तर काय झालं असतं याचा विचार केला की कळतं, ही इमारत शहराच्या छातीत कुठे आहे.

आझाद मैदानाचं दार

याच्या अगदी जवळ आझाद मैदान आहे, त्यामुळे राज्यभरातून मुंबईत आलेला मोर्चा बहुधा या स्टेशनाशी जोडला जातो. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत शेतकरी आले. दहावीच्या परीक्षेच्या मुलांना अडचण नको म्हणून त्यांनी शेवटचा टप्पा रात्रीतून चालून काढला. मागण्यांवर आश्वासन मिळाल्यावर त्यांच्यासाठी इथून भुसावळकडे खास गाड्या सोडल्या गेल्या. पायाला फोड आलेले आदिवासी शेतकरी जागतिक वारशाच्या इमारतीतून घरी गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये आरक्षणासाठी आलेल्या मराठा आंदोलकांनी पावसात याच स्टेशनात आसरा घेतला. त्या दिवसांत नेहमीच्या प्रवाशांचे हाल झाले, हेही खरं. पण शहराच्या ओळखीची वास्तू फक्त शहरवाल्यांची नसते, हे त्या गर्दीनं दाखवलं. ती राज्याच्या उंबऱ्यावर आहे. मुंबई मॅरेथॉनही इथूनच सुरू होते, हे जाता जाता.

वारसा, आणि त्यानंतर

जुलै २००४ मध्ये युनेस्कोनं या स्टेशनाला जागतिक वारसा यादीत घेतलं. कारण दिलं ते मोठं नेमकं होतं: व्हिक्टोरियन गॉथिक पुनरुज्जीवन आणि भारतीय पारंपरिक वास्तुकला यांचा इथे झालेला संगम. म्हणजे स्टीव्हन्सही आणि माकडं कोरणारी पोरंही.

त्यानंतर काही गोष्टी चांगल्या झाल्या. दगडाची सफाई झाली, जुने भाग दुरुस्त झाले, आतला भाग ठरावीक वेळेत तिकीट काढून बघता येऊ लागला. रात्री रंगीत दिवे लागतात, सणावाराला तिरंगी. समोरच्या फूटपाथवर सेल्फीसाठी गर्दी असते. दिव्यांबद्दल माझी तक्रार आहे. या दगडाला स्वतःचा रंग आहे, पिवळसर, पावसात मधासारखा होणारा. त्यावर जांभळा प्रकाश टाकला की नक्षी सपाट होते.

पण खरा प्रश्न दिव्यांचा नाही. काही वर्षांपूर्वी कचेऱ्या दुसरीकडे हलवून या इमारतीत रेल्वेचं संग्रहालय करण्याचा विचार पुढे आला होता. कर्मचारी संघटनांनी विरोध केला. माझा त्यांना पाठिंबा होता आणि आहे. संग्रहालय वाईट नसतं. पण ज्या वास्तूची सगळी ताकद तिच्या चालू असण्यात आहे, तिच्यातलं कामच काढून घेतलं तर उरतं ते काचेतलं चित्र. याउलटचा धोका न्यूयॉर्कनं पाहिला. १९१० मध्ये उभं राहिलेलं पेन स्टेशन १९६३ पासून पाडलं गेलं, कारण स्टेशन जमिनीखाली चालत राहिलं तरी वरच्या भव्य इमारतीची गरज नाही असं मालकांना वाटलं. लोकांना किंमत नंतर कळली, आणि १९६५ मध्ये तिथे वास्तूंच्या जतनाचा कायदा आला. मुंबईत इमारत आणि स्टेशन वेगळं झालं नाही, हे आपलं नशीब म्हणा किंवा रेल्वेचा हट्ट म्हणा.

२८ सप्टेंबर २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं नवी दिल्ली, अहमदाबाद आणि सीएसएमटी या तीन स्टेशनांच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली, सुमारे दहा हजार कोटी रुपयांची. २०२५ मध्ये भुयारी मेट्रोही इथे पोचली. बदल हवेच आहेत. प्लॅटफॉर्मवरची कोंडी, अपंगांचे हाल, स्वच्छतागृहांची अवस्था ज्यानं रोज सोसलीय तो बदलाला नाही म्हणणार नाही. १४ मार्च २०१९ ची संध्याकाळही विसरता येत नाही. स्टेशनाला लागून असलेला पादचारी पूल कोसळला आणि ७ माणसं गेली. कुणी कामावरून घरी निघालेलं, कुणी कामावर. घुमटाकडे सगळ्यांचं लक्ष, आणि त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर पायाखालचा सांगाडा खिळखिळा.

म्हणून पुनर्विकासाचे आराखडे येतील तेव्हा मी घुमट किती उजळला हे आधी बघणार नाही. मागचा साधा भाग कसा होतो ते बघेन, कारण माणसं तिथे असतात. स्टार चेंबरमधल्या तिकीटखिडक्या तिथेच राहतात का, की ती जागा कॉफीच्या दुकानाला दिली जाते, ते बघेन. आणि एक मागणी करेन. वर्षातून एक दिवस, १६ एप्रिलला, ज्याच्या खिशात लोकलचं चालू तिकीट किंवा पास आहे त्याला घुमटाखालच्या जिन्यापर्यंत जाऊ द्यावं. वेगळं तिकीट नको. वरपर्यंत पायऱ्या चढायच्या नाहीत कुणाला. खाली उभं राहून वर बघू द्यावं, एवढंच.

मी गेलो होतो तेव्हा मुलगी बरोबर होती. भिंतीतून बाहेर आलेल्या दगडी पायऱ्या गोल वळत वर जातात, खाली आधाराचा खांब नाही, आणि खूप वर काचांतून रंगीत उजेड येतो. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'बाबा, आजोबा इथे आले होते का कधी?' नव्हते आले. तीस वर्षं याच्या बाजूनं गेले.

बाहेर आलो. परतीचं तिकीट काढायला आम्ही स्टार चेंबरमध्ये रांगेत लागलो. पुढे डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई होती. तिनं पाटी दोन पायांमध्ये खाली ठेवली, पदराच्या गाठीतून सुटे काढले, आणि खिडकीत वाकून म्हणाली, 'एक टिटवाळा रिटर्न.' तिच्या डोक्यावर सोनेरी चांदण्यांचं छत होतं. पैसे मोजून घेईपर्यंत तिनं एकदाही वर पाहिलं नाही.